मामा म्हणजे नक्की कोण? एकच अक्षर दोनदा, आणि अर्थ भाषागणिक वेगळा

पिंपळपान

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारूनच टाकते.

माझी लेक ८ महिन्यांची झाली. गेल्या आठवड्यात पालथी पडून हातातलं खेळणं जमिनीवर आपटत होती आणि एकदम "मामामामा" सुरू झालं, थांबायचं नावच नाही. मी धावत गेले, मला वाटलं मलाच हाक मारतेय, मम्मी म्हणायचा प्रयत्न असेल. माझा भाऊ तिथेच बसलेला, तो म्हणाला छे, मराठी पोर आहे ती, मामा म्हणजे मामाच, आणि तिला उचलून जी मिरवायला लागला ती अजून मिरवतोय. नवरा मात्र जरा हिरमुसला होता, पण दोनच दिवसांत "बाबाबाबा" चालू झालं आणि त्याचा चेहरा असा काही फुलला की मी गुपचूप फोटो काढून ठेवलाय.

तर तेव्हापासून हे शब्द डोक्यातून जातच नाहीयेत. आपल्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ, हिंदीत दादा म्हणजे वडिलांचे वडील. नाना आपल्याकडे घरातल्या कुठल्याही मोठ्या माणसाला प्रेमाने म्हणतात, हिंदीत नाना म्हणजे फक्त आईचे वडील. बाबा आपले वडील, आणि रशियन भाषेत बाबा म्हणजे चक्क म्हातारी बाई असं कुठेतरी वाचलं. अक्षरं तीच, दोनदा म्हणायची पद्धतही तीच, आणि माणूस मात्र प्रत्येक ठिकाणी दुसराच. हे कसं काय? सगळ्या भाषा मुळात एकच होत्या म्हणून का? आमच्या फॅमिली ग्रुपवर तर एका काकांनी ठामपणे लिहिलंय की हे सगळं संस्कृतातूनच जगभर गेलं. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा ना, मला खरंच जाणून घ्यायचंय.

रानवारा

पिंपळपान ताई, आधी लेकीचं कौतुक. आता तुमच्या भावाला वाईट वाटेल असं सांगतो, ती बहुतेक अजून कोणालाच हाक मारत नव्हती. साधारण ६ ते १० महिन्यांच्या दरम्यान बाळं एकच अक्षर माळेत ओवल्यासारखं म्हणत बसतात, मामामा, बाबाबा, दादादा. जबडा वरखाली होतो, त्याबरोबर आवाज सुटतो, सुरुवातीला एवढंच असतं. एक अक्षर म्हणून पुढचं वेगळं अक्षर काढायचं तर तोंडाची रचना मध्येच बदलावी लागते, ते अजून जमत नसतं, म्हणून तेच पुन्हा.

आणि मामा, बाबा, दादा हीच अक्षरं का, तर त्याचं उत्तर आपल्या वर्णमालेतच आहे. पवर्ग म्हणून बघा, प फ ब भ म, पाचही ओठ मिटून. हे बाळाला सगळ्यात सोपं, कारण जन्मल्यापासून ओठांचंच काम चालू असतं आणि समोरच्या माणसाचे ओठ मिटताना उघडताना त्याला दिसतातही. त्याच्या खालोखाल त द न, जिभेचं टोक नुसतं टेकवायचं. र, ळ, क्ष वगैरे यायला वर्षं लागतात. स्वरांमध्ये आ सोपा, तोंड उघडलं की झालं. आता सोपं व्यंजन आणि आ घ्या आणि दोनदा म्हणा, मामा बाबा पापा दादा नाना ताता, जगातल्या निम्म्या नात्यांची यादी तयार.

रोमान याकबसन नावाचा मोठा भाषातज्ज्ञ होऊन गेला, मूळचा मॉस्कोचा, नंतर अमेरिकेत शिकवायचा. त्याने १९६० च्या सुमारास नेमका हाच प्रश्न हातात घेतला होता. त्याच्यासमोर मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जमवलेले जगभरच्या भाषांतले आई आणि वडील या अर्थाचे १,०७२ शब्द होते. आईच्या शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न, ङ सारखा नाकातला आवाज होता आणि वडिलांच्या शब्दांत फक्त १५ टक्क्यांत. त्याचं म्हणणं असं की बाळ दूध पीत असताना तोंड बंद असतं, तेव्हा जो आवाज निघू शकतो तो नाकातूनच, म्म्म असा. मग भूक लागली की तोच आवाज, आई दिसली की तोच. मोठी माणसं तो आवाज उचलतात आणि म्हणतात बघा, आईला हाक मारली! आपल्याकडे बाळाच्या भाषेत मंमं म्हणजे खाऊ, तेही इथूनच आलं असणार. लॅटिनमध्ये मम्मा म्हणजे आई आणि स्तनही, त्यावरूनच लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांच्या एका अख्ख्या वर्गाला मॅमेलिया नाव दिलं, आपण त्यालाच सस्तन म्हणतो.

म्हणजे आवाज बाळाचा, अर्थ मात्र ऐकणाऱ्याचा. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. बाळ म्हणतं मामा, मराठी घर म्हणतं मामा, इटालियन घर म्हणतं आई. आणि जॉर्जियन घर काय म्हणतं माहितीये? जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील. खरंच. आणि आईला म्हणतात देदा. मातृभाषा म्हणजे देदाएना, पृथ्वी म्हणजे देदामित्सा, राजधानी म्हणजे देदाकलाकी, अगदी आई-शहर. तिथल्या मुलांचं अक्षरओळखीचं पुस्तकही 'देदा एना', १८७६ पासूनचं. म्हणजे आपल्या कानाला जिथे आई ऐकू येते तिथे बाप आहे, आणि तरी त्या लोकांचं काही अडत नाही.

आता एकाच मूळ भाषेचं. शब्द वारसाने आले की हजारो वर्षांत आवाज झिजतात, बदलतात. पिता, लॅटिन पातेर, इंग्लिश फादर, हे खरोखर एकाच मुळाचे, पण बघा प चा फ झालाय. पापा चा कुठे फाफा झालेला दिसत नाही. कारण तो वारसाने येतच नाही, दर पिढीत बाळं नव्याने घडवतात. म्हणून ग्रुपवरच्या काकांना आदराने सांगा की संस्कृतातून कुठे जायची गरजच नव्हती, प्रत्येक घरात एक कारखाना चालू आहे.

उंबरठा

रानवारा यांनी मस्त सांगितलंय. माझा अनुभव लिहिते, मी ऑफिसच्या कामासाठी ३ वर्षं स्वाहिली शिकतेय.

सुरुवातीला मला वाटलं ही भाषा मला पटकन येणार, कारण पहिल्याच धड्यात बाबा म्हणजे वडील, मामा म्हणजे आई, बाबू म्हणजे आजोबा, बीबी म्हणजे आजी. मग एकदा फोनवर एका ताईंच्या घरच्या माणसांची माहिती लिहून घ्यायची होती. त्या म्हणाल्या "दादा यांगू", म्हणजे माझा/माझी दादा, मी सरळ लिहिलं मोठा भाऊ. पुढे म्हणाल्या "काका यांगू", मी लिहिलं काका. सगळं लिहून झाल्यावर सिनियरने कागद बघितला आणि शांतपणे दोन्ही ओळी खोडल्या. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ! म्हणजे मी बहिणीचा भाऊ केला आणि भावाला एक पिढी वर चढवला. मला तेव्हा फार लागलं, कारण शब्द माहीत नव्हते असं नाही, पाठ होते, पण कानावर "दादा" पडलं की मनात आपला दादाच उभा राहतो, त्याला हटवून तिथे बाई उभी करायला मला कित्येक महिने लागले. परकी भाषा अवघड शब्दांनी नाही अडवत हो, असे आपल्या घरातले शब्द अडवतात.

काका तर कमालच आहे. आपल्याकडे वडिलांचा भाऊ, स्वाहिलीत भाऊ, बल्गेरियनमध्ये मोठी बहीण, न्यूझीलंडच्या माओरी लोकांत एक पोपट, आणि फ्रेंच नि स्पॅनिश लहान मुलांच्या भाषेत शी. त्यामुळे काकांना घेऊन कुठे जाताना जरा विचार करून हाक मारा.

आणि एक जे मला फार आवडतं. स्वाहिलीत मी म्हणजे मिमी, तू म्हणजे वेवे, तो किंवा ती म्हणजे येये, आम्ही म्हणजे सिसी. आपण मी मी करणाऱ्याला नावं ठेवतो, तिथे साधं "मी" म्हणायलाच मिमी म्हणावं लागतं. हाच मिमी जपानीत कान. हळूहळू ला पोलेपोले. आणि म्हण आहे, हराका हराका हाइना बराका, म्हणजे घाई घाईत बरकत नाही. ही ऐकून मी थांबलेच, कारण बराका म्हणजे आपली बरकत, आणि हराका म्हणजे आपली हरकत! दोन्ही मुळात अरबी. अरबीत हरकत म्हणजे हालचाल, स्वाहिलीत जाऊन तिची घाई झाली आणि मराठीत येऊन अडथळा. असे शब्द खरोखर प्रवास करून आलेत. मामा-बाबा मात्र प्रवास न करताच सगळीकडे हजर आहेत, हा फरक मला या म्हणीमुळे कळला.

चिमणचारा

नात्यांवरच सगळे थांबलेत, पाखरांना विसरू नका. अरबीत हुदहुद पक्षी, त्याच्या हू हू आवाजावरून, २०१४ च्या चक्रीवादळाचं नाव ओमानने तेच दिलं होतं. बुलबुल. हवाईचं नेने नावाचं हंसासारखं पाखरू, तेही त्याच्या आवाजावरून. आपलं चिवचिव, काव काव. पक्षी स्वतःच दोनदा बोलतात, माणसाने फक्त ऐकून लिहिलं.

पिंपळपान

अरे बापरे, एवढं सुंदर उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. जॉर्जियनचं भावाला वाचून दाखवलं, तो म्हणाला जॉर्जियात वडील, मराठीत मामा, आई कुठेच नाही ना मग, झालं तर. त्याला काही फरक पडलेला नाही.

उंबरठा ताई, तुमचं दादा-बहिणीचं वाचून मला आठवलं, चिनी भाषेत दीदी म्हणजे धाकटा भाऊ ना? आणि हिंदीत मोठी बहीण. म्हणजे लिंग पण उलट आणि वय पण उलट!

अजून एक विचारते. बाळं सोपं म्हणून दोनदा म्हणतात हे पटलं. पण आपण मोठे झालो तरी हळूहळू, थोडं थोडं, लाल लाल असं म्हणतोच की. ते कशाला? आपल्याला तर आता सगळी अक्षरं येतात.

शुक्रतारा

हा प्रश्न माझ्या आवडीचा, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी मराठीच बघू. "कोण आलं?" आणि "कोण कोण आलं?" यातला फरक आपल्याला कोणी शिकवलेला नाही. पहिल्यात एक माणूस असू शकतो, दुसऱ्यात अनेक आहेत हे विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे आणि त्याला एकेकाचं नाव हवंय. "मोठी घरं" आणि "मोठी मोठी घरं" बघा, दुसऱ्यात नजर एका घरावरून दुसऱ्यावर सरकत जाते. "रडत बोलली" आणि "रडत रडत बोलली". "खाता खाता झोपली" मध्ये दोन कामं एकमेकांत मिसळली. एका शब्दाला दोनदा म्हणून आपण बहुवचन, जोर, सातत्य, एकेक करून, असं सगळं काढतो, वेगळा प्रत्यय लागत नाही. जास्त हवं तर जास्त वेळा म्हणा, यापेक्षा सोपं व्याकरण नाही, म्हणून ते इतक्या भाषांनी आपापलं शोधून काढलंय.

हे जुनंही केवढं. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात दिवेदिवे आहे, म्हणजे दिवसेंदिवस, रोजच्या रोज. पाणिनीने आठव्या अध्यायाची सुरुवातच याने केली, आणि दुसऱ्यांदा येणाऱ्या शब्दाला आम्रेडित असं नावसुद्धा दिलं.

आता इंडोनेशियन बघा, तिथे तर याचा कळस आहे. ओरांग म्हणजे माणूस, ओरांग-ओरांग म्हणजे माणसं. हे इतकं नेहमीचं की पूर्वी लिहिताना दोनदा लिहायचा कंटाळा म्हणून शब्दापुढे नुसता २ टाकायचे, १९७२ च्या लेखनसुधारणेत ते बंद करायचं ठरलं. पण खरी मजा जिथे दोनदा म्हटल्यावर अर्थच दुसरीकडे जातो तिथे आहे. माता म्हणजे डोळा, माता-माता म्हणजे हेर. (आपल्याला माता ऐकून आई आठवते ते वेगळंच.) लांगित म्हणजे आभाळ, लांगित-लांगित म्हणजे छत, आणि तोंडातली टाळूसुद्धा, म्हणजे घराचं आभाळ आणि तोंडाचं आभाळ. हाती म्हणजे यकृत, मन, भावना जिथे राहतात ती जागा, आपण काळीज म्हणतो तसं, आणि हाती-हाती म्हणजे जपून, सांभाळून. काळीज काळीज म्हटलं की जपून! हा शब्द मला ज्या दिवशी कळला त्या दिवशी मी तो घरात सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

आणि फुलपाखराला कुपु-कुपु. आपल्या लुकलुक सारखं, लुक एकटं म्हटलं तर काहीच नाही.

फिलिपिन्सची तागालोग भाषा अजून पुढची. तिथे बाबा म्हणजे खाली उतरणं. क्रियापदाचं पहिलं अक्षर दोनदा म्हटलं की काम पुढे व्हायचंय असा अर्थ, म्हणून बाबाबा म्हणजे खाली जाईल. आणि प्रश्न विचारायला वाक्यात बा हा शब्द घालतात. आता लिफ्ट येते, दार उघडतं, बाहेरचा माणूस विचारतो "बाबाबा बा?" आतला म्हणतो "बाबाबा." खाली जातेय का? खाली जातेय. दोन मोठी माणसं एकाच अक्षरात पूर्ण संवाद करून एकमेकांशेजारी उभी राहतात. पिंपळपान ताई, तुमची लेक बाबाबा म्हणते ते तिथे ऐकलं तर लोक तिला लिफ्टमध्ये घेतील.

संस्कृतमध्येही पहिलं अक्षर दोनदा येतं, गम् चं जगाम, कृ चं चकार, दा चं ददौ, पण तिथे ते झाल्या गोष्टीसाठी. तागालोगमध्ये होणाऱ्या गोष्टीसाठी. युक्ती एकच, काळ उलटा. म्हणजे रानवारा जे नात्यांबद्दल म्हणाले तेच व्याकरणातही, आवाजाची द्विरुक्ती कोणीही करा, अर्थ ज्याचा त्याने ठरवायचा.

जाता जाता, चक्र हा शब्दही असाच दोनदा म्हटलेला आहे हे माहीत होतं का? वळणं, फिरणं अशा अर्थाचा मूळ धातू दोनदा येऊन तो बनला, ग्रीकमधला किक्लोस आणि इंग्लिशमधलं व्हील त्याचीच भावंडं. चाक पुन्हा पुन्हा तिथेच येतं, शब्दही तसाच फिरतो. आता इतका झिजलाय की दिसत नाही.

कोरांटी

मला थोडं वेगळं बोलायचंय. हे सगळं वाचायला छान वाटतं पण यातल्या कित्येक जोड्या फक्त लिपीमुळे एकसारख्या दिसतात. चिनी दीदी आपल्या दीदीसारखा उच्चारला जात नाही, तिथे सूर असतात, पहिला दी वरून खाली पडतो आणि दुसरा हलकाच सुटतो. मा हा आवाज सपाट उंच सुरात आई आणि खाली जाऊन वर येणाऱ्या सुरात घोडा. ताता चं बघा, पोलिश आणि रोमेनियनमध्ये वडील, तेलुगूत आजोबा, सिंहलीत जरा जोर देऊन तात्ता म्हणजे वडील, तमिळमध्ये तसंच म्हटलं तर आजोबा, फ्रेंचमध्ये आत्या-मावशी, आणि आपण निरोप घेताना टाटा. रोमन लिपीत हे सगळं एक, देवनागरीत ता आणि टा लगेच वेगळे झाले. अरबीत प हे अक्षरच नाही, मग पापा म्हणायचं तर बाबाच होणार. तेव्हा याद्या करताना कानाने करा, डोळ्याने नको.

आणि रानवारा, एक दुरुस्ती. तुम्ही म्हणालात पापा चा फाफा कुठे झालेला दिसत नाही. झालाय! जपानीत. आईला हाहा म्हणतात ना, तो ह मुळात प होता. खूप पूर्वी पापा, मग फाफा सारखं, मग हाहा. १६व्या शतकातलं एक जपानी कोडं आहे, "आईला दोनदा भेटतो, बापाला एकदाही नाही, कोण?" उत्तर, ओठ. आज हे कोडं कोणाला घाला, सुटणारच नाही, कारण हाहा म्हणताना ओठ भेटतच नाहीत. पण तेव्हा आईचा शब्द फाफा असा होता, त्यात ओठ दोनदा जवळ येत, आणि बापाच्या चिचि त एकदाही नाही. एका कोड्यात चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार जिवंत राहिला. मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

रानवारा

कोरांटी, मान्य, मी चुकलो आणि चुकल्याचा आनंद झाला, हे कोडं मला माहीत नव्हतं. आत्ता बसल्या बसल्या आरशासमोर म्हणून बघितलं. मामा, बाबा, पापा, ओठ दोनदा भेटतात. काका, दादा, नाना, एकदाही नाही. आपलंही असं कोडं करता येईल.

पण तुमच्याच उदाहरणात पुढची गंमत आहे. हाहा झाल्यावर तो शब्द बाळाच्या ओठांतून गेला. मग आज जपानी बाळं काय म्हणतात? मामा आणि पापा! बाहेरून घेतलेले शब्द आहेत, पण घराघरात रुजले. शब्द झिजून मोठ्यांचा झाला की बाळांना पुन्हा ओठांचा शब्द लागतो आणि तो कुठून तरी येतोच.

दवबिंदू

हा धागा कालपासून तीनदा वाचला. लिहू की नको असं होतं, लिहितेच.

माझी मुलगी ११ महिन्यांची झाली तरी मामामा, बाबाबा काहीच करत नव्हती. हसायची, रडायची, लांब सूर काढायची, पण ती अक्षरांची माळ नाही. सगळे म्हणायचे काही मुलं उशिरा बोलतात. आम्हीही तेच धरून बसलो. मग कानांची तपासणी केली आणि कळलं तिला ऐकू येत नाही. म्हणून इथे आवर्जून सांगते, १० महिने उलटून गेले आणि बाळ अशी माळ ओवत नसेल तर वाट बघू नका, कान तपासून घ्या. ज्यांना ऐकू येत नाही ती बाळं सुरुवातीला आवाज काढतात, त्यामुळे आईबापांना शंका येत नाही, पण ही दोनदा दोनदाची बडबड त्यांच्यात फार उशिरा येते किंवा येतच नाही. आवाज तोंडात असून भागत नाही, तो परत कानात यावा लागतो.

आम्ही दोघांनी खुणांची भाषा शिकायला घेतली, चुकतमाकत दिवसभर तिच्याशी हातांनी बोलायचो. दीडेक वर्षाची असताना एका दुपारी ती एकटीच पडून होती, मी दारात उभी. तिने मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली, मग तोच हात गालापाशी नेला, परत मूठ. कशाचीच खूण नव्हती ती. माझ्याकडे लक्षही नव्हतं तिचं. स्वतःच्या हाताकडे बघत होती. मला काही समजलं नाही, नंतर ज्या बाई आम्हाला शिकवायच्या त्यांना करून दाखवलं तर त्यांचे डोळे भरून आले, म्हणाल्या अहो बडबडतेय ती. १९९१ मध्येच कॅनडातल्या संशोधकांनी दाखवून दिलंय की खुणांच्या घरात वाढणारी बाळं हातांनी बडबडतात, तेच आकार पुन्हा पुन्हा, अर्थ नसलेले, जसं मामामा.

तर पिंपळपान ताई, ओठ सोपे, जीभ सोपी हे सगळं खरं असेल, पण ओठ नसले तरी हात तेच करतात. माझं एवढंच म्हणणं की दोनदा म्हणणं तोंडाच्याही आधीचं आहे. आणखी एक वाचलंय, २००८ चं, जन्मून दोन-तीनच दिवस झालेल्या बाळांना तीन तीन अक्षरं ऐकवली, काहींत शेवटची दोन सारखी, मुबाबा असं, काहींत तिन्ही वेगळी, आणि सारखी अक्षरं आली की त्यांच्या मेंदूत जास्त हालचाल दिसली. अजून आईचा चेहरा नीट दिसत नाही तेव्हा.

उंबरठा

दवबिंदू, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. लेक आता केवढी?

दवबिंदू

७ वर्षांची. हातांनी इतकी भरभर बोलते की मला म्हणावं लागतं, जरा हळूहळू. खुणांतही हळूहळू दोनदाच करतो आम्ही.

पिंपळपान

दवबिंदू ताई, तुमचं वाचल्यावर आधी लेकीजवळ जाऊन बसले. झोपेतून उठली होती, छताकडे बघून मामामा, मध्येच नाना, परत मामा. तुम्ही म्हणालात तसं आता ऐकतेय मी, कोणाला हाक मारतेय ते शोधत नाहीये. ती ऐकत असते स्वतःलाच. मामामा म्हणून थांबते, मग जरा हळू आवाजात परत म्हणून बघते, मग मोठ्याने.

शुक्रतारा, लांगित-लांगित आठवलं मला तेव्हा, छताकडेच बघत होती.

भाऊ रविवारी येतोय. त्याला हे सगळं सांगेन, पण त्याच्या समोर ती मामा म्हणाली तर मी काही बोलणार नाही, उचलून घेऊ दे त्याला. आणि कोरांटीचं ओठांचं कोडं घालणार आहे घरात सगळ्यांना, बघू कोणाला सुटतं.